बावीस खुळखुळे

“बेटी, हा डब्बा घरात कायच्याच कामाचा नाई. फेकून दे,” असं अब्दुल गनी चाचा म्हणाले होते, आणि दीपा हसली होती.

पोळा होऊन चार दिवस झाले असतील. पडवीत मामाजींचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, खराद घरघरत होता आणि चाचा खाटेवर बसून लाकडाच्या भुशात पाय घोळवत होते. याच चाचांकडे मामाजी तीस-बत्तीस वर्षांपूर्वी खरादावर लाकूड फिरवून घडवायला शिकले. आता चाचांचा हात थरथरायचा, पटाशी धरवत नव्हती. तरी दुपारची नमाज झाली की ते यायचे, अर्धा कप चहा घ्यायचे आणि आपल्या शिष्याच्या, उकंडाच्या, कामातल्या चुका काढायचे.

डबा पाच लिटरचा होता, पांढरा, निळ्या झाकणाचा. कापसाच्या त्या वर्षांत भोवऱ्या-लाटण्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं, म्हणून दीपाचा नवरा अश्वजित फवारणीच्या मजुरीला जायचा. तिथून त्याने तो औषधाचा रिकामा डबा आणला होता. राळेगावात असा डबा नसलेलं घर शोधूनच काढावं लागलं असतं. कुणी त्यात रॉकेल ठेवी, कुणी पाणी घेऊन परसाकडे जाई. झाकण पक्कं बसे, मूठ धरायला सोयीची. दीपाने तो सोड्याने तीनदा धुतला, दोन दिवस उन्हात उपडा घातला आणि घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल त्यात ओतलं.

“वास घेऊन पाहा ना, चाचा. काहीच येत नाही.”

“माह्या नाकाले आता अत्तर समजत नाई, दवाई कायची समजते! पण प्लास्टिक पिऊन बसते, बेटी. तेल घातलं का ओकते.”

“तीन पाण्यांत सगळं निघून जातं. मी बी.एस्सी. आहे, चाचा.”

“मंग झालं. आम्ही आपले खरादी,” चाचा म्हणाले आणि मामाजींकडे वळून ओरडले, “उकंडा, मान जाड ठेवली तू. लेकराच्या मुठीत बसन का ते?”

खेळण्यांना लाखेऐवजी तेल द्यायचा हट्ट तिचाच होता. या घरात आजवर लाखच चालली. वस्तू फिरत असतानाच तिला लाखेची कांडी टेकवायची; घासून घासून लाख वितळते आणि लाकडावर चढते; मग सिंदीच्या पानाने रगडून चमक काढायची. मामाजींच्या लाखेत तोंड दिसायचं. पण दीपाला लाखेतल्या रंगांची धास्ती वाटे. पिवळ्यात काय घालतात, हिरव्यात काय घालतात, हे तिने कॉलेजात वाचलेलं, आणि लेक आमू झाल्यापासून तर वाचलेलं सगळं रोज आठवे. त्यात धाकटा दीर संघदीप नागपूरच्या प्रदर्शनातून ऐकून आला, की शहरातल्या लोकांना आता रंग नको, लाकडाची रेघ दिसली पाहिजे. तो वहिनीच्या बाजूने झाला. सासू पंचफुलाबाई, म्हणजे आत्याबाई, मामाजींच्या बाजूने. अश्वजित नेहमीसारखा कुणाच्याच नाही. दोन दिवस जेवणं मुकाट झाली. तिसऱ्या दिवशी मामाजी भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, “करा. लेकरं तोंडात घालतात. तिले जास्त समजत असन.”

तेल दोन आठवडे डब्यात राहिलं. मग त्यात बावीस खुळखुळे बुडाले.

मामाजींचा खुळखुळा दुसऱ्या कुणाला जमत नसे. दांड्यावरच्या दोन सुट्या कड्या त्याच लाकडातून कोरलेल्या, कुठे जोड नाही, कुठे सांधा नाही. लाकूड कुड्याचं, म्हणून खुळखुळा तसा पांढराफेक. रात्रभर तेल पिऊन तो लोण्यासारखा पिवळसर झाला. एकाला दांड्याशी चीर गेली होती. तो विकता येणार नव्हता, म्हणून आमूला मिळाला.

*

दवाखान्यातून परत आल्यावर दीपाने उंबऱ्याबाहेरूनच पडवीच्या आढ्याकडे पाहिलं. चौदा खुळखुळे दोरीला जसेच्या तसे लटकत होते.

ती सहा दिवस घरात नव्हती. पहिल्या दिवशी नऊ महिन्यांची आमू घामाने थबथबली होती, लाळ थांबत नव्हती, मान टाकली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पापणी उचलून टॉर्च मारला. बाहुल्या मोहरीएवढ्या. “घरात फवारणीचं औषध आहे?” त्यांनी विचारलं. त्या हंगामात असे डोळे ते रोजच बघत होते, पण मोठ्या माणसांचे. मग पोलीस जमादार आला आणि तिला भिंतीशी घेऊन विचारू लागला, की सासूशी पटतं का, नवरा पितो का, मुलगी झाली म्हणून कुणी काही बोललं का. विषाचं नाव निघालं की या जिल्ह्यात माणसं आधी घरातलं भांडण शोधतात. तिने सांगितलं, सगळं नीट आहे. पोरगी तोंडात काय घालते त्यावर माझं लक्ष असतं.

तिसऱ्या दिवशी, डोळे उघडून हसू लागलेली आमू पुन्हा निपचित झाली. नर्सबाईंनी तिच्या मुठीतून खुळखुळा सोडवून घेतला. हुंगला. पुन्हा हुंगला.

“हे कोण देतंय हिला?”

दीपाच देत होती. आमू रडायला लागली, की पिशवीतून काढून दीपाच देत होती.

त्याच संध्याकाळी तिने अश्वजितला सगळं सांगितलं. डबा, तेल, आणि त्या आठवड्याच्या बाजारात विकले गेलेले सात. आजच्या आज परत आणा, म्हणाली. तो म्हणाला, “मी पाहातो. तू पोरीकडे पाह्य.” तिने पोरीकडे पाहिलं. त्यानंतरचे तीन दिवस तिने फक्त दोन बाहुल्या पाहिल्या.

“हे काहून लटकून आहेत अजून?” तिने आता विचारलं.

“हळू बोल.”

“त्या सात जणींकडे गेले होते का तुम्ही?”

अश्वजितने चपला काढल्या. एक उलटी पडली होती, ती सुलटी केली, दुसरीशेजारी नीट लावली. दीपाला उत्तर कळलं.

“कोणाकडे जाऊ?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “जमादार लिहून घेऊन गेला, मालूम आहे ना? आता घरोघरी जाऊन सांगू, का आमच्या मालात जहर होतं? डब्बा माह्या हातचा. माह्यं नाव निंघन. फवारणीले कोणी बोलावन का मले?”

“लेकरांच्या तोंडात आहेत ते.”

“आपल्यावाला चिरलेला होता. त्यानं जास्त तेल पेलं. बाकीच्यायनं एवढं नसन पेलं.”

“नसन?”

“काय नसन?” आत्याबाईंनी विचारलं. त्या ओले हात पदराला पुसत आतून आल्या होत्या, नातीला घ्यायला. “आल्या आल्या काय लावलं वं दोघायनं? दे इकडे माहं पाखरू. किती वाळली, बाप्पा!”

म्हणजे यांना काहीच माहीत नव्हतं. दीपाने आमूला त्यांच्या हातात दिलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. डबा कुणी आणला, कुणी धुतला, कुणी नाही ऐकलं. मामाजींनी मोटारीचं बटण बंद केलं. खराद थांबायला वेळ घेतो. तो फिरत फिरत हळू झाला आणि थांबला. खाटेवर अब्दुल गनी चाचा होतेच. त्यांनी कप खाली ठेवला. ‘मी म्हटलं होतं’ असं ते म्हणतील म्हणून दीपा वाट पाहत होती. ते वाकून पायावरचा भुसा झटकू लागले, आणि ते जास्त लागलं.

बोलला संघदीप. तो मागच्या अंगणात पोत्यात माल भरत होता, ऐकून आत आला. “दादा, तू तीन दिवस दाबून ठेवलं? मले तरी सांगाचं!”

“तुले सांगून काय करणार होता तू?”

“काहीतरी केलं असतं!” मग तो आढ्याकडे पाहू लागला. “बारा दिवसांवर धम्मचक्र दिन हाय. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर चार हात जागा भेटली, तिच्यासाठी किती जणांचे पाय धरले मी. भोवरे तयार हायत, लाटणे तयार हायत, सगळे लाखेचे. त्यायले काई झालं नाई. पण एकदा बोंब झाली, का उकंडा खरादीच्या मालानं लेकरं बिमार पडतात, मंग लाखेचं कोणतं अन् तेलाचं कोणतं, कोण इचारन?”

“मंग?” आत्याबाई म्हणाल्या.

“मंग हे चौदा पुन्हा खरादावर चढवू. बाबा, वरून सूतभर सोला, अन् पक्की लाख मारा. लाखेच्या आत काय हाय, कोणाले दिसते?”

दीपाच्या मनात हिशेब सुरू झाला, ज्याची तिला नंतर कितीतरी दिवस लाज वाटली. लाख पाण्यात विरघळत नाही. लाळेतही नाही. थर अखंड असेल तर आतलं बाहेर येणार नाही. तेलाच्या बाजूने तिने जितक्या हुशारीने वाद घातला होता, तितक्याच हुशारीने ती आता लाखेच्या बाजूने विचार करत होती. “जाड थर दिला तर...” ती म्हणाली.

“बेटी,” चाचा म्हणाले, “पन्नास साल लाख मारली म्या. लेकराचे दात निंघतात ना, तं ते पयले लाखच कुरतडते. खपल्या निंघतात. तोंडातून बोट घालून काढा लागतात.” त्यांनी मामाजींकडे पाहिलं. “सांग ना, उकंडा. तुह्या अश्वजितनं भोवरा नव्हता का सोलला दातानं?”

मामाजी उठले. स्टूल घेतलं, वर चढले आणि दोरी सोडली. खुळखुळ्यांचा घोस खाली आला तेव्हा सगळ्या कड्या एकदम वाजल्या. आमूने आजीच्या खांद्यावरून मान वळवली आणि हात पसरले.

“नाई वं, माय, नाई,” म्हणत आत्याबाई तिला घेऊन मागे सरकल्या.

मामाजींनी लाकूड तासायचा वाकस उचलला. पहिला खुळखुळा ठोकळ्यावर उभा धरला आणि उभा चिरला. दोन्ही कड्या उडून भुशात पडल्या. दुसरा धरला.

“बाबा!” संघदीपने त्यांचं मनगट पकडलं. “दोन महिन्याचं काम हाय हे!”

“कोणाचं काम हाय?”

“तुमचं.”

“मंग सोड.”

त्याने सोडलं. मामाजींनी चौदाही चिरले, एकेक, घाई न करता. जसे घडवले होते तसेच. फाटलेल्या कुड्याला जवसाचा गोडसर वास येत होता, आणि त्याखाली दुसरा एक. दीपाला तो आता स्पष्ट येत होता. इतका स्पष्ट, की आधी कसा आला नाही हे तिला कळेना. “जाळू नका,” ती म्हणाली. “धूर लागेल. पुरायचे.” तेवढंच तिच्या शिक्षणाचं त्या दिवशी कामाला आलं.

“अन् ते सात?” आत्याबाईंनी विचारलं.

“माय, आता तू नको...” अश्वजितने सुरुवात केली.

“बाजारात मी बसली होती चादर टाकून. मले ठाऊक हाय कोणी कोणी घेतले. रामीबाईनं नातवासाठी घेतला. शाळेजवळच्या जुबैदानं घेतला, तिच्या लेकीचं बाळंतपण झालं म्हणून.” त्या बोटांवर मोजत होत्या. “सहा तं मी आता दाखवतो. चाल.”

“पोलीस आले तं काय सांगशीन?” अश्वजितने विचारलं.

“सांगन. मले तोंड हाय.” त्यांनी आमूला दीपाकडे दिलं आणि पायात चपला अडकवल्या. “परायाचं लेकरू होतं तं एक वेळ समजलं असतं. तुह्या सोताच्या पोरीच्या नाकात नळी पाह्यली तू, अन् तीन दिवस गप बसला? कोणाच्या पोटचा हायेस रे?”

अश्वजित भिंतीला टेकून उभा होता. त्याचं तोंड असं झालं होतं, की दीपाने नजर काढून घेतली. ती बोलणी तिलाही लागू होती, आणि आपल्याला कोणी ती सुनावली नाहीत, याची तिला भीती वाटली. लग्न होऊन आल्यापासून या सासूने तिच्या वाचण्यावरून, चष्म्यावरून, भाकरी वाकडी होण्यावरून टोमणे मारले होते. आज एकाची तरी तिला गरज होती.

दारातून आत्याबाई वळल्या. “अन् तू तुही बी.एस्सी. ठेव बाजूले. कागद-पेन काढ. मी आली का लिहा लागन.”

*

उन्हं पश्चिमेच्या भिंतीवर चढेपर्यंत पाच खुळखुळे परत आले. जुबैदाचा लेकीकडे पोचलाच नव्हता, कापडात गुंडाळलेला होता. एक शोकेसमध्ये होता. दोन लेकरांनी चार दिवसांतच टाकून दिले होते. एका घरात कुत्र्याने पळवला होता, तो उकिरड्यावर सापडला. कुत्रं मात्र कुणाला दिसलं नव्हतं. मामाजी एकेक घेत होते आणि चिरत होते.

सहावा रामीबाईंच्या घरी. तिथलं सांगायला संघदीप सायकल टाकून धावतच आला. “वहिनी, तो पोट्टा लाळ गाळून राह्यला सोमवारपासून. त्या म्हणतात दात येऊन राह्यले. वेखंड उगाळून देत होते त्याले.”

“डोळे पाहिले का?”

“दादानं पाह्यले. रामीबाईले अन् पोराले शेजाऱ्याच्या गाडीवर घेऊन दादाच गेला दवाखान्यात.” तो थांबला. “रामीबाईनं दादाच्या थोबाडीत मारली, वहिनी. सगळ्या गल्लीसमोर. दादा म्हणाला, मंग अजून मारजा, आता गाडीवर बसा.”

दीपाने आमूला उजेडाकडे धरलं. बाहुल्या बरोबर होत्या. दहा मिनिटांपूर्वीही बरोबर होत्या.

आत्याबाई शेवटी परतल्या, पायऱ्यांवरच बसल्या. पाणी दिलं तर हातातच धरून राहिल्या.

“सातवी आपल्या गावची नव्हती,” त्या म्हणाल्या. “बाजाराच्या दिवशी एस.टी. स्टँडसमोर उभी होती, मारेगावच्या गाडीची वाट पाहत. पोपटी पातळ. कडेवर लेकरू, आठ-नऊ महिन्याचं. हातात काळा दोरा, त्याले दोन पांढरे मणी. नाव नाई इचारलं मी. काहून इचारू? मारेगावले उतरली, का मंधातच कुठं उतरली, काय माहीत.”

“आठ दिवस झाले,” दीपा म्हणाली.

“ते लेकरू लय रडे. तिनं पैसे बी नव्हते काढले अजून. म्याच त्याच्या तोंडाशी धरला, पाह्य म्हटलं कसा वाजते. अन् ते चूप झालं.” त्यांनी पाण्याचा गडू पायरीवर ठेवला. “हसलं माह्याकडे पाहून.”

दीपा त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. दोघींच्या मध्ये आमू.

चाचा आतून म्हणाले, की मारेगावच्या रस्त्याने जाणाऱ्या सगळ्या गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर स्टँडवर चहा पितात. कागद द्या, ते थांब्याथांब्यावर लावतील. त्यांचा नातू जमीर झेरॉक्स काढून आणेल. संघदीप उद्या पहाटे त्याच रस्त्याने निघणार होता, मोटारसायकल मागून. धम्मचक्र दिनाचं नाव त्याने दुपारनंतर काढलं नव्हतं.

“नाव नको टाकू, वहिनी,” तो एवढंच म्हणाला. “नुसतं लिही, का असा असा खुळखुळा.”

“नाव नसलं तर कोण खरं मानेल? आणि बाळ सापडलं तर ती बाई येईल कुठे?”

त्याने आईकडे पाहिलं. आईने होकारार्थी मान हलवली. मामाजी पटाशी पुसत होते, त्यांनी वर न पाहता म्हटलं, “माह्यं बी लिही. वस्तू माही हाय.”

दीपाने वहीचं पान फाडलं. पहिलं खोडलं, दुसरं खोडलं. आमू मांडीवर झोपली तेव्हा तिसरं लिहून झालं.

*हा कागद जो वाचेल त्याला विनंती.*

*गेल्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी राळेगाव एस.टी. स्टँडसमोर आमच्याकडून एका बाईंनी पांढऱ्या-पिवळसर लाकडाचा खुळखुळा घेतला. दांड्यावर दोन सुट्या कड्या आहेत. बाईंच्या अंगावर पोपटी पातळ होतं. बाळ आठ-नऊ महिन्यांचं, हातात काळा दोरा, दोन पांढरे मणी. त्या मारेगावच्या गाडीने गेल्या.*

*खुळखुळ्याच्या तेलात फवारणीचं औषध उतरलं आहे. तो बाळाला देऊ नका. धुऊनसुद्धा देऊ नका. बाळ लाळ गाळत असेल, घाम येत असेल, सुस्त असेल तर दात येत आहेत असं समजू नका. लगेच दवाखान्यात न्या आणि हा कागद डॉक्टरांना दाखवा. तुम्हाला कोणी काही विचारलं तर चूक आमची आहे असं सांगा. वस्तू उकंडा खरादी यांनी घडवली. तेलाचा डबा मी धुतला होता, आणि मला वाटलं तो स्वच्छ झाला.*

*तुम्ही त्या बाई नसाल, तरी कागद टाकून देऊ नका. तुमच्या गावात, तुमच्या आळीत, माहेरी आलेली किंवा कापूस वेचायला आलेली अशी कोणी असेल. दार लोटलेलं असलं तरी हाक मारा. बाळाला उजेडात घ्या, वरची पापणी हळूच उचला आणि डोळे पाहा. मग ते कसं आहे ते मला कळवा. चांगलं असेल तरी कळवा. नसेल तरीही.*

*दीपा अश्वजित, उकंडा खरादी यांची सून, राळेगाव. एवढं एक बाळ पाहून या.*